दुवा तुटला हें कसें कळतें ?

'मौनं संमतिलक्षणम्' हें वचन आपल्या नित्य परिचयाचें आहे. गप्प राहिलेल्या माणसानें होकार दिला असें समजावें, हा त्याचा अर्थ. घरगुती व्यवहारांत तें चालून जातें. परंतु दूरदूरच्या ठिकाणांमधील दळणवळणांत याच्यासारखें घातक वचन दुसरें नाहीं. पलीकडून कांहींच ऐकूं येत नाहीं, याचे तेथें दोन अर्थ संभवतात. पलीकडच्याला सांगण्यासारखें कांहीं नसेल, किंवा मधला दुवाच तुटला असेल. या दोन मौनांतला भेद ओळखण्याची विद्या माणसानें गेल्या सुमारें पावणेदोनशें वर्षांत, हळूहळू आणि बरीच किंमत देऊन, संपादन केली आहे. आज आपलें टेलिफोनवरचें संभाषण, बँकेंतील देवघेव, रेल्वेचें तिकीट हीं सारीं ज्या जाळ्यांतून वाहतात, त्याचें आरोग्य याच विद्येवर अवलंबून असतें. म्हणून तिचा थोडासा इतिहास आज आपल्यापुढें मांडण्याचें योजिलें आहे.

आरंभ विजेच्या तारेपासून करूं. सॅम्युएल मोर्स यानें १८४४ सालीं वॉशिंग्टन आणि बाल्टिमोर या शहरांमध्यें तारेनें संदेश पाठविला. पुढें अमेरिकेंत जी रीत रूढ झाली तिच्यांत, कोणी संदेश पाठवीत नसतांनाहि तारेंतून विजेचा प्रवाह सतत वाहत ठेवीत. संदेश धाडावयाचा म्हणजे हा वाहता प्रवाह क्षणभर तोडावयाचा आणि पुन्हां जोडावयाचा. युरोपांत बहुधा याच्या उलट चाल होती; तेथें एरव्हीं तार निर्जीव असे आणि संदेशापुरताच तिच्यांत प्राण येई. दोन्ही पद्धतींनीं संदेश सारखाच पोंचे. पण तार मध्येंच कोठें तुटली तर अमेरिकन कचेरींतल्या तारमास्तराला तें तत्काळ कळे. उलट युरोपीय पद्धतींत, कोणी पुढचा संदेश पाठवून पाहीपर्यंत, तुटलेली तार आणि स्वस्थ बसलेली तार यांत बाहेरून कांहींच फरक दिसत नसे.

हा भेद केवळ सोयीचा नसून जीवितमरणाचा आहे, हें रेल्वेनें दाखवून दिलें. विल्यम रॉबिन्सन नांवाच्या अमेरिकन संशोधकानें रुळांवर गाडी उभी आहे कीं नाहीं हें सिग्नलला आपोआप कळावें अशी एक योजना केली होती. तिच्यांत गाडी आली म्हणजे प्रवाह सुरू होई आणि धोक्याची खूण पडे. योजना चालली; पण तींत एक भयंकर उणीव होती. बॅटरी संपली, किंवा तार तुटली, तर गाडी रुळांवर असूनहि प्रवाह सुरू होणार नाहीं आणि सिग्नल 'मार्ग मोकळा' असेंच सांगत राहील. रॉबिन्सननें योजना सबंध उलटी केली आणि १८७२ सालीं तिचें पेटंट घेतलें. नव्या योजनेंत रुळांतूनच एक मंद प्रवाह अखंड वाहतो, आणि तो वाहत आहे तोंपर्यंतच मार्ग मोकळा समजावयाचा. गाडी आली कीं तिचीं चाकें व आंस दोन्ही रुळांना जोडतात. प्रवाह सिग्नलपर्यंत न पोंचतां मधूनच परततो आणि धोक्याची खूण पडते. परंतु तार तुटली, बॅटरी मेली किंवा रूळ दुभंगला, तरीहि तीच खूण पडते. मौन म्हणजे संमति नव्हे, मौन म्हणजे धोका, हा नियम येथें प्रथम लोखंडांत कोरला गेला. मुंबईच्या उपनगरी गाड्या ज्या स्वयंचलित सिग्नलांच्या भरंवशावर एकीमागून एक धावत आल्या, त्यांच्या मुळाशीं हेंच तत्त्व आहे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत गणकयंत्रांचें जाळें विणलें जाऊं लागलें, तेव्हां हा प्रश्न नव्या रूपानें पुढें आला. या जाळ्यांत संदेश अखंड प्रवाहासारखा जात नाहीं. त्याचे लहान लहान तुकडे पाडतात. प्रत्येक तुकड्यावर पत्ता घालून पाकिटासारखा तो स्वतंत्रपणें रवाना करतात. त्यास पॅकेट म्हणतात. ज्या नाक्यांवर अनेक वाटा मिळतात तेथें एक यंत्र बसविलेलें असतें. तें पत्ता वाचून प्रत्येक पॅकेट योग्य वाटेला लावतें. त्याचें नांव राउटर. टपालाचा थैला आज आला नाहीं याचा अर्थ कोणी पत्रेंच लिहिलीं नाहींत असा होईल, किंवा वाटेंतला पूल वाहून गेला असाहि होईल. पॅकेटांच्या जाळ्यांत जुना पेंच असा पुन्हां उभा राहिला.

अमेरिकेंत १९६९ सालीं आर्पानेट या नांवाचें असें पहिलें मोठें जाळें सुरू झालें. त्यावरील नाक्यांचीं यंत्रें बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन या कंपनीनें बांधलीं होतीं. सतत प्रवाहाच्या जागीं त्या यंत्रांनीं नियमित हांकेची योजना केली. प्रत्येक यंत्रानें ठराविक अंतरानें शेजाऱ्यास एक लहानशी हांक घालावयाची, शेजाऱ्यानें तिला ओ द्यावयाची. ओ येणें थांबलें तर मधली वाट मेली असें समजून पॅकेटें दुसऱ्या वाटेनें न्यावयाचीं. आपल्या गल्लींत रात्रीं गस्त घालणारा रखवालदार काठी आपटीत जातो, त्यासारखाच हा प्रकार. काठीच्या आवाजांत वार्ता कांहींच नसते. परंतु तो आवाज आहे हीच मोठी वार्ता असते.

या योजनेंतील एक मर्मस्थान मात्र अकरा वर्षें कोणाच्या फारसें ध्यानीं आलें नव्हतें. तें २७ ऑक्टोबर १९८० रोजीं उघडकीस आलें. त्या दिवशीं आर्पानेट कित्येक तास जवळजवळ निरुपयोगी होऊन पडलें. कारण पाहूं गेल्यास अगदीं क्षुल्लक होतें. वाटांच्या स्थितीविषयीं जीं पत्रकें प्रत्येक यंत्र इतरांना धाडी, त्यांवर जुनें-नवें ओळखण्यासाठीं शून्य ते त्रेसष्ट यांतील एक अनुक्रमांक असे, आणि त्रेसष्टनंतर घड्याळाच्या आंकड्यांप्रमाणें पुन्हां शून्य येई. एका यंत्राच्या स्मृतींतील दोषामुळें कांहीं बिट गळाले आणि ४४ क्रमांकाच्या पत्रकाच्या ४० व ८ क्रमांकांच्या खोट्या प्रती निर्माण झाल्या. आतां चक्राकार मोजणीच्या त्या नियमानें ४४ हें ४० हून नवें, ४० हें ८ हून नवें, आणि चक्र फिरून ८ हें ४४ हून नवें ठरलें ! तिघांपैकीं जुनें कोणतेंच नाहीं, त्यामुळें तीं तिन्हीं पत्रकें जाळ्यांत अखंड फिरत राहिलीं आणि प्रत्येक यंत्र सारें बळ खर्चून तींच हाताळीत बसलें.

परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट पुढेंच आहे. यंत्राच्या कामांच्या प्रतवारींत पत्रकें हाताळणें वरच्या दर्जाचें होतें आणि हांका घालण्याचें व ऐकण्याचें काम खालच्या दर्जाचें. वरचें काम संपेना, त्यामुळें खालच्या कामास वेळच मिळेना. हांका थांबल्या, आणि तारा धडधाकट असतांना त्या मेल्या असें यंत्रें जाहीर करूं लागलीं. एरिक रोझन यांनीं १९८१ सालीं या अपघाताचा जो वृत्तान्त प्रसिद्ध केला, तो अजूनहि या शास्त्राच्या अभ्यासकांना वाचावयास देण्यासारखा आहे. त्यावरून एक धडा निघतो : जिवंतपणाची खूण देणारा जर इतर कामांत गुंतून पडत असेल, तर त्याच्या मौनावरून काढलेला निष्कर्ष खोटा ठरूं शकतो.

पुढच्या दशकांत जाळीं वाढलीं, अनेक जाळीं मिळून इंटरनेट झालें, आणि वाटा ठरविण्याचे नवे नियम आले. एका संस्थेच्या जाळ्याच्या आंतील वाटांसाठीं ओएसपीएफ हा नियमसंग्रह, आणि निरनिराळ्या संस्थांच्या जाळ्यांमधील वाटांसाठीं बीजीपी. दोहोंचे पहिले मसुदे १९८९ सालीं प्रसिद्ध झाले. दोहोंतहि हांकेची चाल कायम होती, परंतु तिची गति पाहा. ओएसपीएफमध्यें सर्वसाधारण रिवाज असा, कीं दर दहा सेकंदांनीं एक हांक, आणि चाळीस सेकंद हांक आली नाहीं तर शेजारी मेला. बीजीपीच्या नियमांत सुचविलेली मुदत नव्वद सेकंदांची आहे. त्या काळीं यांत कोणास वावगें वाटलें नाहीं. पत्रें आणि दस्तऐवज पाऊण मिनिट उशिरां पोंचले म्हणून कोणाचें कांहीं बिघडत नव्हतें, आणि नाक्यावरचीं यंत्रेंहि बेताच्या शक्तीचीं होतीं.

याच सुमारास टेलिफोनच्या जगांत निराळाच दंडक होता. तेथील कांचतंतूंच्या वर्तुळाकार जाळ्यांत एक तंतु तुटला, तर सेकंदाच्या विसाव्या भागांत, म्हणजे पन्नास मिलिसेकंदांत, वाहतूक दुसऱ्या बाजूनें वळली पाहिजे, अशी अपेक्षा असे. बोलणाऱ्याला फार तर एखादा टिचका ऐकूं यावा, संभाषण तुटतां कामा नये. विसावें शतक संपतां संपतां तेंच संभाषण पॅकेटांच्या जाळ्यावर येऊं लागलें, तेव्हां पन्नास मिलिसेकंद आणि चाळीस सेकंद हे दोन दंडक समोरासमोर आले. चाळीस सेकंद म्हणजे किती, याचा एक हिशेब करून पाहावा. सेकंदास दहा अब्ज बिट वाहणारी वाट पूर्ण भरून चाललेली असतां तुटली आणि चाळीस सेकंद कोणाच्या लक्षांत आलें नाहीं, तर चाळीस हजार कोटि बिट, म्हणजे पन्नास अब्ज अक्षरांइतका मजकूर, तुटक्या पुलावरून नदींत ओतला जातो. टेलिफोनवर बोलणारा माणूस तर त्यापूर्वींच, समोरच्यानें रागानें फोन ठेवला असें समजून, आपणहि ठेवून देतो.

येथें कोणी म्हणेल, कीं तंतु तुटला कीं प्रकाश येणें थांबतें. मग हांकेची गरजच काय? दोन राउटर एकाच तंतूनें सरळ जोडलेले असतील तर हें खरें आहे. परंतु पुष्कळदां त्यांच्यामध्यें स्विच नांवाचें यंत्र असतें. अनेक तारा त्यांत येऊन मिळतात आणि तें पॅकेटें इकडून तिकडे पोंचवितें. आतां पलीकडचा राउटर बंद पडला, किंवा स्विचपासून त्याच्यापर्यंतची तार तुटली, तरी अलीकडच्या राउटरची तार स्विचला जोडलेलीच असते. त्याच्या दाराचा दिवा हिरवाच राहतो, आणि तो निःशंकपणें पॅकेटें पाठवीत राहतो. दारावरचा रखवालदार जागा आहे, एवढ्यावरून आंत मालक हयात आहे असें मानण्यासारखें हें झालें. स्विचचा जिवंतपणा आणि शेजाऱ्याचा जिवंतपणा या दोन भिन्न गोष्टी आहेत. शेजाऱ्याविषयींची खात्री शेजाऱ्याकडूनच करून घ्यावी लागते.

मग जुन्याच हांका जलद कां घालूं नयेत ? तसा प्रयत्न झाला. परंतु वाटा ठरविणाऱ्या प्रत्येक नियमसंग्रहाची हांक वेगळी, ती लांबलचक, आणि ती घालण्याचें काम यंत्राच्या त्याच मेंदूकडे, ज्याला वाटांचा सारा हिशेबहि करावा लागतो. १९८० सालचा धडा पुन्हां गिरविण्याचीच ती वाट होती. तेव्हां डेव्ह कॅट्झ आणि डेव्ह वॉर्ड या दोघां अभियंत्यांनीं हांकेचें काम सर्वांपासून वेगळें काढलें. त्यांनीं रचलेल्या पद्धतीस बायडायरेक्शनल फॉरवर्डिंग डिटेक्शन, संक्षेपानें बीएफडी, म्हणतात. दोन्ही दिशांनीं वाट खरोखर चालू आहे कीं नाहीं याची ओळख, असा त्या नांवाचा भाव. अनेक वर्षांच्या वापरानंतर आणि चर्चेनंतर जून २०१० मध्यें तिचे नियम इंटरनेटच्या अधिकृत नियमावलींत प्रसिद्ध झाले.

या पद्धतींतील हांक अवघी चोवीस बाइटांची असते. ती इतकी साधी आहे, कीं यंत्राच्या मेंदूला न शिणवितां, पॅकेटें पुढें ढकलणाऱ्या हातांनींच ती घालतां आणि ऐकतां येते. ती कोण्या एका नियमसंग्रहाची बटीक नाहीं. तुटल्याची वर्दी ती ओएसपीएफला देते, बीजीपीला देते, आणखी कोणी मागितली तर त्यालाहि देते. पुढें काय करावयाचें तें ज्याचें त्यानें पाहावें.

परस्परांशीं संबंध जोडतांना दोन यंत्रें आधीं सावकाश, सेकंदाहून जलद नाहीं अशा गतीनें, बोलतात. पहिला म्हणतो, 'मी आहें, पण तुझें कांहीं ऐकलें नाहीं.' दुसरा तें ऐकून म्हणतो, 'तुझें ऐकूं आलें.' त्यावर पहिला म्हणतो, 'माझेंहि तुला ऐकूं जातें तर !' एवढी खात्री पटल्यावरच दोघे ठरलेल्या जलद गतीवर येतात. दोन तंतूंच्या जोडींपैकीं एकच तुटला, तर एकाला दुसऱ्याचें ऐकूं येतें आणि दुसऱ्याला पहिल्याचें येत नाहीं. अशा वेळीं न ऐकूं येणारा आपल्या हांकेंतच 'वाट बंद' असें कळवितो, आणि ज्याला वाट चालू वाटत होती त्याचाहि भ्रम दूर होतो. नांवांतील 'दोन्ही दिशा' या शब्दांचें मोल येथें कळतें.

गति ठरविण्याची रीत तर मनुष्यव्यवहारालाहि शोभेल अशी आहे. प्रत्येक यंत्र तीन आंकडे सांगतें : मी किती अंतरानें हांक घालूं इच्छितों, किती अंतरानें आलेल्या हांका मला झेपतील, आणि माझ्या लागोपाठ किती हांका चुकल्या म्हणजे मला मेलेला समजावें. एक यंत्र दर पन्नास मिलिसेकंदांनीं बोलावयास उत्सुक आहे, पण ऐकणाऱ्याला तीनशेंहून जलद झेपत नाहीं, असें असेल तर बोलणाऱ्यानें तीनशेंच्याच अंतरानें बोलावयाचें. बोलणाऱ्याच्या उत्साहापेक्षां ऐकणाऱ्याची कुवत येथें श्रेष्ठ मानली आहे. चुकलेल्या हांकांचा आंकडा तीन असेल, तर मुदत नऊशें मिलिसेकंदांची झाली. दोघांनाहि पन्नास झेपत असतील, तर दीडशेंची. सर्व यंत्रांच्या हांका योगायोगानें एकाच ठेक्यांत पडून गर्दी होऊं नये म्हणून प्रत्येक हांक ठरल्या वेळेहून यदृच्छेनें थोडी आधीं, चतुर्थांशापर्यंत, घालण्याचा नियम आहे. शेजारच्याच राउटरशीं संबंध असतां दूरच्या कोणा तोतयाची हांक मानली जाऊं नये म्हणूनहि एक साधी युक्ति आहे. पॅकेटावर २५५ हा सर्वांत मोठा आंकडा घालून तें सोडतात. वाटेंतला प्रत्येक राउटर त्यांतून एक वजा करतो. म्हणून २५५ च आंकडा घेऊन आलेली हांक तेवढी शेजाऱ्याची, बाकीच्या टाकून द्यावयाच्या.

हें सारें स्विचवर किंवा राउटरवर प्रत्यक्षांत आणणाऱ्या अभियंत्याचें काम लिहावयाला चार ओळींचें आहे. ज्या दारानें शेजारी जोडलेला आहे त्या दारावर हे तीन आंकडे नेमावयाचे. मग वाटा ठरविणाऱ्या नियमसंग्रहाला, 'या शेजाऱ्याची वर्दी बीएफडीकडून घे', असें सांगावयाचें. आणि हेंच पलीकडच्या टोंकासहि करावयाचें. बहुतेक यंत्रांवर, आंकडे नेमले पण वर्दी घेणारा कोणीच नेमला नाहीं, तर हांकाच सुरू होत नाहींत; एकाच टोंकाला व्यवस्था केली तर दुसरें टोंक ओ देत नाहीं.

ओळी चारच असल्या, तरी आंकडे किती ठेवावे यांत खरें शहाणपण लागतें. सर्वांत लहान आंकडा तो सर्वांत चांगला, असा मोह प्रथम होतो. परंतु जें यंत्र हांकांचें काम अद्याप मेंदूकडूनच करवून घेतें, तें एखाद्या क्षणीं इतर कामांत गढून गेलें, कीं तीन हांका सहज चुकतात आणि जिवंत शेजारी मेला असें ठरतें. त्याबरोबर सर्व जाळ्यांत नव्या वाटांचा हिशेब सुरू होतो. तो पुरा होतो न होतो तोंच शेजारी पुन्हां बोलूं लागतो आणि हिशेब पुन्हां पहिल्यावर येतो. अशी वाट दिवसांतून दहा वेळां मरूं आणि जगूं लागली, तर ती एकदांच खरोखर तुटण्यापेक्षां अधिक त्रास देते. म्हणून जेथें हातांनीं हांक घालण्याची सोय आहे तेथें पन्नास, आणि जेथें नाहीं तेथें तीनशें किंवा त्याहून अधिक, असा विवेक करावा लागतो. उशिरां कळण्याचें नुकसान आणि उगीच घाबरण्याचें नुकसान, हीं दोन्हीं तागडींत घालूनच मुदत ठरवावी लागते. ज्या वाटेवरून जें वाहत असेल त्याप्रमाणें तागडी कोठें झुकते तें बदलतें.

शेवटीं या विद्येची एक मर्यादाहि सांगितली पाहिजे. ३० जानेवारी २००८ रोजीं इजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ समुद्रांतील दोन केबल तुटल्या. मुंबईच्या किनाऱ्याशीं पश्चिमेकडचें जग जोडणाऱ्या त्या दोन मोठ्या वाटा होत्या, आणि त्या एकदम गेल्यानें हिंदुस्थानांतील इंटरनेटची वाहतूक कित्येक दिवस कुंठित झाली. वाट तुटली हें येथें कळावयाचें राहिलें नव्हतें. राहिली होती ती पुरेशी रुंद अशी दुसरी वाट. ज्यांनीं पूर्वेकडून, सिंगापूरच्या दिशेनें, आधींच वाट घेऊन ठेवली होती त्यांचें काम मंदावलें तरी चाललें. ज्यांची भिस्त एकाच दिशेवर होती त्यांना केबल सांधून होईपर्यंत वाट पाहात बसावें लागलें. दीडशें मिलिसेकंदांत मिळालेली वर्दी त्यांच्याच उपयोगाची, ज्यांनीं ती मिळण्यापूर्वीं, सारें सुरळीत चाललें असतांनाच, दुसऱ्या वाटेची तजवीज करून ठेवलेली असते.